निंबोल्याचा विमानतळ जळगावात

बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघाले की वाटेत निंबोला लागते. पुढे सातपुड्याची खिंड. तिच्यावर नजर ठेवून बसलेला गड 1601 मध्ये अकबराच्या हाती गेला आणि मोगलांना दक्षिणेची वाट मोकळी झाली. अशा जागी बऱ्हाणपूर जिल्ह्याचा स्वतंत्र विमानतळ हवा, असे कुणालाही वाटेल. पण बऱ्हाणपूरला विमानतळ आहेच! तो सुमारे शंभर किलोमीटरवर, जळगावला आहे. फक्त राज्य दुसरे, महाराष्ट्र. बऱ्हाणपूरच्या स्वतःच्या राज्यातले, मध्य प्रदेशातले इंदूर त्याहून बरेच लांब, शिवाय वाटेत सातपुडा आणि नर्मदा. फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूरच होती आणि जळगावही खानदेशातलेच, तेव्हा हे नाते काही नवे नाही.

जळगावची विमाने टिकत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवेच्या ‘उडान’ योजनेत डिसेंबर 2017 मध्ये एअर डेक्कनने छोट्या विमानाने मुंबईची सेवा सुरू केली. ती फार चालली नाही. 2019 मध्ये ट्रूजेट आली, 2022 मध्ये थांबली. पण या कंपन्या एकट्या जळगावातून उठल्या नाहीत, त्यांचा सगळाच कारभार आटोपला. तेव्हा खापर गावावर फोडता येत नाही. 2024 मध्ये फ्लाय 91 ने गोवा, हैदराबाद आणि पुण्याशी जळगाव जोडले. मुंबईला रात्रीची गाडी असताना विमान कशाला, हे मान्य. गोव्याबाबत तसे म्हणता येणार नाही. 

‘उडान’चे अनुदान एका मार्गाला तीन वर्षे मिळते आणि त्यातला पाचवा हिस्सा साधारणपणे राज्य भरते. मग महाराष्ट्राने मध्य प्रदेशच्या प्रवाशाचा भार का उचलावा? कारण अनुदान संपल्यावर विमान भरलेल्या आसनांवरच चालते, आणि ती जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-मुक्ताईनगरइतकीच बऱ्हाणपूर-निंबोल्यातूनही भरू शकतात. अडचण धावपट्टीपेक्षा रस्त्यावरची आहे. मध्य प्रदेशचे एसटी महामंडळ केव्हाच गुंडाळले गेले. तेव्हा विमानाच्या वेळा सांभाळणारी बस सोडायची तर ती महाराष्ट्राच्या एसटीनेच, आणि तिचा शेवटचा थांबा बऱ्हाणपूर नव्हे, निंबोला असावा.