केसाएवढा तडा

या हिवाळ्यात आम्ही अल कुसैसला भाच्याकडे आठ दिवस राहिलो. तो तिथे एका इमारतीची देखभाल पाहतो. एके सकाळी मालकाचा फोन आला: भिंतीला तडा गेला आहे, इमारत खचते आहे काय? भाचा निघाला, मागोमाग आम्हीही गेलो. पाहिले तर खांब आणि ब्लॉकची भिंत मिळते तिथे वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. नखही शिरणार नाही इतकी बारीक.

अशा इमारतींत भार पेलतात ते काँक्रीटचे खांब आणि तुळया. मधली भिंत म्हणजे आमच्या लहानपणीची लाकडी चौकटीतली पाटी. नवे ब्लॉक सुकताना थोडे आकसतात. त्यात ते ऊन! सिमेंटचे बांधकाम दर अंशाला सुमारे एक लक्षांशाने वाढते. १० मीटरची भिंत ३० अंशांनी तापली तर ३ मिलिमीटर. ही ओढाताण सांध्यावर दिसते. कोकणातल्या जुन्या घरांचा चुना थोडा लवचीक असे, बारीक चीर आपली आपणच बुजवी. सिमेंटला ते जमत नाही.

पण मालकाला "काही नाही हो" म्हणून भागत नाही. त्याला वाटते, टाळताहेत. मेत्सोरा पाराशात घराच्या भिंतीवर डाग दिसला तर कोहेन लगेच घर पाडत नाही. सात दिवस घर बंद ठेवतो आणि डाग पसरला काय, हे पुन्हा येऊन पाहतो. भिंतीच्या तड्यालाही हाच नियम. दोन्ही टोकांना पेन्सिलीची आडवी खूण, शेजारी तारीख, मोजपट्टी धरून फोटो. जानेवारीत पाहावे, ऑगस्टमध्ये पाहावे. ऋतूबरोबर कमीजास्त होतो तो हवेचा. एकाच दिशेने वाढत जातो तो काळजीचा. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या तक्त्यात ०.१ मिलिमीटरपर्यंतचा तडा नगण्य धरतात, १ मिलिमीटरपर्यंतचा रंगकामात झाकतो. एक उन्हाळा गेल्यावर सांधा खरवडून जाळी लावावी, मग गिलावा करावा. आधी केला तर पुन्हा फुटणार.

मात्र नुसत्या रुंदीवर जाऊ नये. तिरपा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरणारा, एका टोकाला रुंद तडा असेल, दारे अडकू लागली असतील, तर पाया हलला असण्याचा संभव आहे. आणि खांबावर सळीच्या रेषेत तडा असून त्यातून तांबूस ओघळ येत असेल, तर तो केसाएवढा असला तरी थांबू नये. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आतले लोखंड गंजते, गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडते. भिंत पुन्हा बांधता येते, खांबावर मात्र सगळे घर उभे असते.

खाली उतरताना पार्किंगमधल्या एका खांबावर तसाच तांबूस ओघळ दिसला. "मामा, हा तर रोज डोळ्यांसमोर होता," भाचा म्हणाला. मालकाने त्याविषयी कधी विचारले नव्हते. त्याच आठवड्यात इंजिनिअरला बोलावले. वरच्या रेघेवर पेन्सिलीची खूण केली आहे, ती ऑगस्टमध्ये पाहायची.