तबकड्यांचा संच जपताना

1086 साली इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने आपल्या राज्यातील जमीन, गुरेढोरे आणि गिरण्या यांची मोजदाद करून ती चर्मपत्रावर लिहून घेतली. ‘डूम्सडे बुक’ नावाची ही नोंदवही आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षानिमित्त 1986 साली बीबीसीने नवी पाहणी केली व ती लेसर-तबकड्यांवर साठविली. परंतु पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली. 2002 साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालविली, तेव्हा कोठे ती माहिती पुन्हा पडद्यावर दिसली.

यावरून काय दिसते? माहिती जपायची तर ती वाचणाऱ्या आज्ञावल्याही जपल्या पाहिजेत. त्यांत पहिला मान कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचा. म्हणून काही ग्रंथालये, संस्था आणि हौशी मंडळी कार्यप्रणालींच्या तबकड्यांचे संपूर्ण संच उतरवून ठेवतात. उदाहरणादाखल आपण डेबियन ही प्रणाली घेऊ. तिचा आरंभ 1993 साली इयन मरडॉक यांनी केला. तिची प्रत काढण्यास सर्वांना मोकळीक आहे.

नेटवरून आपण उतरवितो ती तबकडीची ‘प्रतिमा’. प्रतिमा म्हणजे छायाचित्र नव्हे. तबकडीवर माहिती 2,048 बाइटच्या कप्प्यांत लिहिलेली असते. पहिल्या कप्प्यापासून शेवटच्यापर्यंतचे सर्व बाइट त्याच क्रमाने एका फाइलीत घेतले की प्रतिमा तयार होते. संगणक सुरू करणारा भागही तिच्यात येतो. फाइली एकेक करून उतरविल्या तर नेमका तोच भाग सुटण्याचा संभव असतो.

पहिल्याच तबकडीवर काम भागत असता संपूर्ण संच कशासाठी? 10 जून 2023 रोजी निघालेल्या डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत 64,419 पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे आज्ञावलीचे गाठोडे. ही गाठोडी एकमेकांवर अवलंबून असतात. पहिल्या तबकडीवर नसलेले गाठोडे एरवी नेटवरून आणता येते; पण वीस वर्षांनी ते तेथे असेलच असे नाही.

आता हिशेब करू. एका डीव्हीडीत 470 कोटी बाइट मावतात. एका बाइटचे 8 बिट, म्हणजे 3,760 कोटी बिट झाले. नेटचा वेग सेकंदाला 2 कोटी बिट धरला तर एका डीव्हीडीला 1,880 सेकंद, म्हणजे सुमारे 31 मिनिटे लागतील. वीस डीव्हीडींचा संच असेल तर जवळजवळ साडेदहा तास! सर्व्हरवरची जागा वाचावी म्हणून डेबियन संचातील सगळ्याच प्रतिमा तयार स्वरूपात ठेवत नाही. उरलेल्यांसाठी ‘जिगडो’ नावाची युक्ती आहे. कोडे जुळवावे तशी ही आज्ञावली सुटी गाठोडी आणते आणि साच्यात ज्याच्या त्याच्या जागी बसवून प्रतिमा पुरी करते.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. 3,760 कोटी बिटांपैकी एकही बदललेला नाही, हे ओळखायचे कसे? एक सोपा प्रयोग करा. 4, 7, 2, 9 हे अंक घ्या. बेरीज 22. एखादा अंक चुकला की बेरीज बदलते. मात्र 4 आणि 7 यांची अदलाबदल झाली तर ती 22 च राहते व चूक लपते. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानक्रमांकाने गुणा: 4 + 14 + 6 + 36 = 60. अदलाबदलीनंतर 7 + 8 + 6 + 36 = 57. चूक पकडली गेली!

याच कल्पनेचे अतिशय प्रगत रूप म्हणजे ‘एसएचए-512’. फाइल केवढीही असो, तिच्यापासून 512 बिटांचा एक ‘ठसा’ निघतो. मूळ फाइलीतला एकच बिट बदलला तरी ठशातले सुमारे निम्मे बिट बदलतात. संभाव्य ठशांची संख्या 155 अंकी असल्याने दोन निराळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने एकच येणे जवळजवळ अशक्य. डेबियन प्रत्येक प्रतिमेचा ठसा प्रसिद्ध करते. आपण काढलेला ठसा त्याच्याशी तंतोतंत जुळला, तर प्रत शुद्ध. परंतु कोणी प्रतिमेबरोबर ठशांची यादीही बदलली तर? म्हणून त्या यादीवर डेबियनची अंकीय स्वाक्षरी असते, तीही तपासावी.

साठविल्यावरही काम संपत नाही. डिस्क कालांतराने बिघडतात. यासाठी दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, ठशांची यादी सोबत असावी आणि वर्षातून एकदा ठसे पुन्हा काढून पाहावेत. एका प्रतीत दोष आढळला तर दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. दोष वेळेवर कळलाच नाही, तर दोन्ही प्रती बिघडण्याची भीती असते.

विंडोज व लिनक्स या दोन्हींत ठसा काढण्याची सोय असते. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या संगणकावर एखाद्या निबंधाच्या फाइलीचा ठसा काढा. मग निबंधातला एकच स्वल्पविराम खोडून ती फाइल जतन करा आणि पुन्हा ठसा काढा. दोन्ही ठसे वहीत एकाखाली एक लिहून किती चिन्हे बदलली ते मोजा.