चाकाचा स्टड तुटला? घरी काय करता येईल, कुठे थांबायचं

गावी निघण्याआधी आपण टायरची हवा बघतो, ऑइल-पाणी तपासतो. पण चाक ज्यांच्यावर घट्ट बसतं, त्या चार-पाच स्टडकडे कोण बघतं? चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 16 वर सिपकॉट वसाहतीचे ट्रक सतत ये-जा करतात. अशा रस्त्यावर चाक निखळलं तर जिवावरच बेततं.

स्टड का तुटतो?

बहुतेकदा नट गरजेपेक्षा जास्त आवळल्यामुळे. हवेच्या गनने कसलेला किंवा पान्यावर उभं राहून आवळलेला नट स्टडला ताण देतो. वाकडा चढवलेला नट आटे खराब करतो आणि गंज तर आहेच. चारपैकी एक स्टड गेला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून 'चालतंय की' म्हणत गाडी दामटू नका.

घरी कसा बदलायचा?

आधी खात्री करा. मारुती, ह्युंदाईच्या गाड्यांना स्टड-नट असतात. फोक्सवॅगन, स्कोडाला बोल्ट.

- गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. समोरच्या बाजूच्या चाकांना विटा लावा. नट थोडे सैल करून मगच जॅक लावा आणि खाली स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका.
- चाक, ब्रेक कॅलिपर आणि डिस्क काढा. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका.
- तुटका स्टड हातोडीने मागे ठोकून काढा. त्याच मापाचा नवा स्टड मागून घाला आणि दाते खाचांत बसवा.
- वॉशर घालून जुना नट उलटा लावा. स्टडचं डोकं हबला टेकेपर्यंत आवळा.
- सगळं परत बसवून नट समोरासमोर, फुलीसारखे कसा. आट्यांना तेल लावू नका. टॉर्क रेंचवर गाडीच्या पुस्तिकेतलाच आकडा ठेवा.
- ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून कडक झालंय का बघा. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

कुठे थांबायचं?

काही गाड्यांत हबमागे स्टड घालायला जागाच नसते. मग हब काढावा लागतो. दोन-तीन स्टड एकदम गेले असतील किंवा हबची खाच सैल झाली असेल, तर मेकॅनिकलाच बोलवा. स्टड स्वस्त असतो. गाडीत बसलेली माणसं मात्र मोलाची.