विपणनशास्त्र आणि आमची नात

तीन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्याची मुलगी बी. कॉम.ची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आणि पुढें विद्यापीठांत मार्केटिंग हा विषय घेऊन एम. बी. ए. करण्याचा मनोदय तिनें रात्रीं जेवणाच्या पंक्तींत बोलून दाखविला. त्या वेळीं आमच्या एकत्र कुटुंबांत जी चर्चा झाली, तशी ती पुष्कळ वाचकांच्या घरींही होत असेल, म्हणून पुढील हकीकत सादर करीत आहें.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि सदतीस वर्षें शाळेंत तेंच शिकविलें. मीं तत्काळ निकाल दिला, "बोलणाराचे हुलगे विकले जातात आणि न बोलणाराचे गहू पडून राहतात, एवढी म्हण ठाऊक असली म्हणजे तुझें शास्त्र संपलें. ज्याला माल चांगला करतां येत नाहीं, त्यानें तें शिकावें." मुलगी गप्प बसली. ती मुळांतच अबोल. दारीं पोस्टमन आला तरी आंत जाऊन आईला पाठविणारी. तथापि तिनें आपला विचार सोडला नाहीं.

तिला निरुत्तर करावें म्हणून मीं ग्रंथ चाळूं लागलों, तों माझाच पक्ष लंगडा होऊं लागला. हें शास्त्र परकें आणि कालपरवांचें, अशी माझी समजूत होती. तसें पाहिलें तर अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत मालाच्या विपणनाचा अभ्यासक्रम १९०५ सालीं सुरू झाला. मुंबईस सिडनॅम कॉलेज १९१३ मध्यें आणि पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ मध्यें निघालें. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, 'पण्याध्यक्ष' नांवाचा अधिकारी आहे. कोणता माल लोकांस प्रिय व कोणता अप्रिय, हें त्यानें जाणावें. आणि नफा कितीही मोठा असला तरी तो प्रजेस पीडा देणारा असेल तर टाळावा, असा तेथें दंडक आहे. शिवाय 'विपणन' हा शब्द ज्या 'पण्' धातूपासून झाला, त्याचे धातुपाठांत दोन अर्थ दिले आहेत: एक व्यवहार, दुसरा स्तुति. मला या विद्येंत नुसती स्तुतीच दिसली होती.

नातीनें प्रवेश घेतला. तिच्या पुस्तकांतून कळलें कीं, मॅकार्थी नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकानें १९६० सालीं या शास्त्राचीं चार अंगें मांडलीं: वस्तु, किंमत, विक्रीचें ठिकाण आणि प्रसिद्धि. फिलिप कोटलर यांचा १९६७ सालचा मोठा ग्रंथ तर आजही शिकविला जातो. जाहिरात ही चौथ्या अंगाचाही एक भागच.

पहिल्या वर्षीं प्राध्यापकांनीं काम दिलें कीं, कोणताही एक माल घ्या आणि त्याविषयीं चाळीस घरीं जाऊन विचारून या. आमची थोरली सून घरीं भाजणी आणि मेतकूट करून विकते. माल अस्सल, तरीही दोन वर्षें दुकानांतून डबे परत येत होते. नातीनें तोच विषय घेतला. पहिल्या दिवशीं तीन घरें करून ती परतली आणि माजघरांत रडत बसली. एका घरीं दार न उघडतांच 'नको' म्हटलें होतें. तिच्या आईनें पाणी दिलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां गेली. पंधरवड्यांत चाळीस घरें पुरीं झालीं. म्हणाली, "आजोबा, विकायला नाहीं, विचारायला आलें असें आधीं सांगितलें कीं बायका आंत बोलावून बसवितात."

चवीविषयीं एकाही घरीं तक्रार नव्हती. तक्रार अर्ध्या किलोच्या डब्याविषयीं होती. मुलें परगांवीं, घरांत दोघेंच म्हातारीं. डबा संपेपर्यंत मेतकुटाचा वास उडून जातो. एका आजीबाईंनीं तर सांगितलें कीं, डब्यावरची तारीख भिंगानेंही वाचतां येत नाहीं. आमच्या घरांत पंधरा पानें मांडलीं जातात. दोघांचा संसार कसा चालतो, हें आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांतच आलें नव्हतें!

शंभर ग्रॅमचीं पाकिटें करावयाचीं ठरलीं. त्यांवर काय छापावें, हा प्रश्न आला. नातीनेंच एक ओळ लिहून आणली, 'मधुमेहावर गुणकारी'. घरांत सर्वांस ती पसंत पडली. मलाही पडली, हें लपवीत नाहीं. सकाळीं पाहतों तों तिनें ती खोडली होती. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, "त्या भिंगवाल्या आजींना मधुमेह आहे. हें वाचून त्या गोळी बंद करतील." लहान पाकीट वजनाच्या मानानें महाग पडतें, म्हणून शंभर ग्रॅमचा भाव डब्यावर आणि पाकिटावर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत छापला. आम्ही श्रीमंत झालों नाहीं; डबे परत येणें मात्र थांबलें.

पुढें तिनें मला थिओडोर लेव्हिट या प्राध्यापकांचा १९६० सालचा एक गाजलेला निबंध समजावून सांगितला. रेल्वे कंपन्या आपला धंदा रेल्वेचा आहे असें समजत राहिल्या. लोकांस हवा होता प्रवास. तेव्हां मोटारींनीं आणि विमानांनीं त्यांचे उतारू नेले, असें त्यांत प्रतिपादन आहे. तें ऐकून मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. मी नोकरीस लागलों तेव्हां संस्कृतच्या वर्गांत चाळीस मुलें असत. निवृत्त झालों तेव्हां नऊ होतीं. मीं काळाला दोष दिला, पालकांस दिला. सोडून गेलेल्या एकाही मुलाला जवळ बसवून 'कां सोडलेंस, बाळ?' म्हणून विचारलें नाहीं.

गेल्या वर्षीं मीं घराच्या ओसरीवर विनामूल्य वर्ग काढला. आधीं आळींतल्या मुलांस विचारलें. एक लहान मुलगा म्हणाला, "आजी रोज संध्याकाळीं स्तोत्र म्हणावयास लावते, त्याचा अर्थ काय?" तेथून आरंभ केला. आज बारा मुलें येतात. रूपें अजूनही पाठ करवितों, पण अर्थ आधीं सांगतों.

नात आतां मुंबईस एका कंपनींत नोकरी करते. ती वाचाळ झालेली नाहीं, अजूनही कमीच बोलते. पण अनोळखी माणसासमोर न बिचकतां बसते आणि त्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेते. हा गुण तिला त्या शास्त्रानें दिला, आणि उतारवयांत थोडासा मलाही.

ज्या घरीं मुलें असा विषय काढतील, तेथील वडील मंडळींस एवढीच विनंति कीं, नकार देण्यापूर्वीं 'तुला त्यांत काय शिकावयाचें आहे?' असें त्यांस एकदां विचारावें. त्या रात्रीं पंक्तींत मीं तें विचारलें नव्हतें.