बंद घराचं सांडपाणी: सहा वर्षांचं बिल आणि एक गुणक

‘तू सांडपाण्यावरच पीएचडी करतेस ना? मग हे बघ जरा.’

आतेभावाचा हा मेसेज रात्री साडेअकराला आला. सोबत तीन फोटो होते. इंग्लंडमधल्या त्याच्या घराच्या दारामागे पडलेली पाकिटं, त्यातलं एक फोडलेलं पत्र आणि पत्रातली रक्कम. 1,340 पौंड, म्हणजे आपले दीड लाखाच्या आसपास. कशाचे, तर सहा वर्षांच्या सांडपाण्याचे.

दादा सहा वर्षांपूर्वी इंग्लंडहून पुण्याला परतला. घर विकलं नाही. पहिली साडेतीन वर्षं तिथे भाडेकरू होते आणि नंतरची अडीच वर्षं घर कुलपात आहे. ‘पाण्याचं बिल कधीच थकवलं नाही. हे सांडपाणी मध्येच कुठून आलं? आणि घरात माणूसच नाही तर सांडलं कुणी?’ हा त्याचा प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. मी आठ-दहा दिवस त्यात डोकं घातलं, आणि संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कमध्ये जे चार व्याख्यानांत नीट कळलं नव्हतं ते या बिलाने शिकवलं. तुमच्यापैकी जे पेट देऊन बसलेत किंवा विषय शोधताहेत त्यांच्यासाठी म्हणून हे लिहितेय. परदेशात घर असलेल्या कुणा नातेवाइकाला उपयोग झाला तर तेही चांगलंच.

आधी ‘मध्येच कुठून आलं’ हे बघू. आपल्याकडे मुंबईत पाणी देणारी आणि मैला नेणारी महापालिका एकच. मलनिस्सारणाचा आकार पाण्याच्या आकाराच्या 70 टक्के, आणि तो त्याच बिलात लागून येतो. इंग्लंडमध्ये सगळीकडे तसं नाही. काही भागांत पाणी एक कंपनी देते आणि सांडपाणी दुसरी नेते. पोर्ट्समथ शहराचं उदाहरण घ्या: नळाला पाणी पोर्ट्समथ वॉटरचं, मोरीतून गेलं की ते सदर्न वॉटरचं. अशा दोन कंपन्यांच्या भागात काही ठिकाणी एकच कंपनी दोघींचे पैसे गोळा करते, काही ठिकाणी दोन वेगळी बिलं येतात.

दादाचं घर दोन बिलांच्या भागातलं. परतताना त्याने दोन्ही खाती बंद केली. भाडेकरू आल्यावर एजंटने पाण्याचं खातं त्यांच्या नावाने उघडलं, सांडपाण्याचं राहून गेलं. त्यामुळे एका कंपनीच्या वहीत त्या घरात माणसं राहत होती, आंघोळी करत होती, कपडे धूत होती, आणि दुसरीच्या वहीत तेच घर रिकामं होतं. पाणी घरात शिरत होतं, बाहेर मात्र पडत नव्हतं! वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलेल्या कुणालाही हे खटकलं असतं, पण दोन वह्या शेजारी ठेवून बघणारं कुणी नव्हतं.

मग सहा वर्षांनी कसं सापडलं? यामागे नियामकाचा दट्ट्या आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणी कंपन्यांचे दर ऑफवॉट ही संस्था पाच-पाच वर्षांसाठी ठरवते. 2020 ते 2025 या काळासाठी अनेक कंपन्यांना ‘रिकामी म्हणून नोंदलेली पण प्रत्यक्षात वापरात असलेली घरं’ आणि ‘नोंदीतच नसलेली घरं’ शोधायची उद्दिष्टं घालून दिली होती. तर्क सरळ आहे. गाळलेल्या घरांचा भार शेवटी बाकीच्यांच्या बिलावर पडतो. मग कंपन्या वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी ताडून बघतात, आणि कुठेतरी घरमालकाच्या नावाने जाड पाकीट निघतं. सहा वर्षंच का, तर अशा येण्याची वसुली कोर्टात मागायला तिथे साधारणपणे सहा वर्षांची मुदत आहे. मुदतीचा कायदा 1980 चा. गॅस आणि विजेच्या घरगुती ग्राहकांना 2018 पासून बारा महिन्यांपलीकडचं मागचं बिल लावता येत नाही. पाण्याच्या घरगुती बिलाला असं संरक्षण नाही, हे दादाला सांगितल्यावर तो पाच मिनिटं काही बोललाच नाही.

आता आपल्या कामाचा भाग. सांडपाणी मोजतात कसं?

उत्तर: मोजतच नाहीत. घराच्या मोरीला मीटर नसतो. कल्पना करा, त्या पाण्यात साबण, केस, तेल, भाताची शितं, कागद आणि काय काय. नळी कधी पूर्ण भरत नाही, प्रवाह दिवसात तीन वेळा उसळतो आणि रात्री आटतो. असा मीटर प्रत्येक घराला बसवून सांभाळणं परवडणारं नाही. म्हणून आत आलेल्या पाण्यावरून बाहेर गेलेल्याचा अंदाज करतात. इंग्लंडमधल्या बहुतेक कंपन्या धरतात की आलेल्या पाण्यापैकी 90 ते 95 टक्के पाणी गटारात परत जातं. उरलेलं झाडांना, गाडी धुण्यात, वाफेत. मीटर नसलेल्या जुन्या घरांचं तर त्याहून गमतीदार आहे. तिथे घराचं करपात्र मूल्य धरतात, आणि ते मूल्य 1990 नंतर बदललेलंच नाही. म्हणजे बिल पाण्याचं, आधार घराच्या जुन्या भाड्याच्या अंदाजाचा.

संशोधनाच्या भाषेत याला पर्यायी निर्देशक म्हणतात. हवी ती गोष्ट मोजता येत नाही, म्हणून तिच्याशी बांधलेली दुसरी मोजायची आणि मध्ये एक गुणक ठेवायचा. यात चूक काही नाही, सगळं विज्ञान असंच चालतं. घोळ होतो तो गुणक आहे हेच विसरल्यावर.

आपल्याकडचं उदाहरण देते, कारण तुमच्यातले निम्मे जण प्रबंधाच्या पहिल्या परिच्छेदात हा आकडा लिहिणार आहेत. मीही लिहिलाय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. पाच अंकी, शेवटी आठ. वाटतं, कुणीतरी भांडं लावून मोजलंय. प्रत्यक्षात त्यामागे लोकसंख्या, दरडोई पाणीपुरवठा आणि 80 टक्क्यांचा गुणक आहे. तो गुणक 0.8 ऐवजी 0.7 धरून बघा. आकडा 63,322 वर येतो, म्हणजे सुमारे 9,000 दशलक्ष लिटर कमी. त्याच अहवालात अख्ख्या महाराष्ट्राचं सांडपाणी 9,107 दशलक्ष लिटर दिलंय. दशांशाच्या एका घराने एक महाराष्ट्र नाहीसा होतो! माझ्या गाईडनी पहिल्याच सादरीकरणात विचारलं होतं, ‘यातला आठ तुम्ही कुठून आणलात?’ मला उत्तर देता आलं नव्हतं.

तर, दादाच्या बिलाकडे. आम्ही एकच गोष्ट केली. रक्कम बाजूला ठेवली आणि कंपनीला विचारलं की हा आकडा कशाच्या आधारावर काढला. उत्तर आलं: मीटरचं रीडिंग आमच्याकडे नाही, म्हणून सरासरी कुटुंबाचा वापर धरून सहा वर्षांचा अंदाज केला.

हे कळल्यावर बिलाचे तुकडे पाडता आले. पहिली साडेतीन वर्षं भाडेकरूंची. तिथल्या 1991 च्या पाणी उद्योग कायद्याप्रमाणे आकार देण्याची जबाबदारी मूळात घरात राहणाऱ्याची असते, मालकाची नाही. भाडेकरार पाठवला, तो भाग दादाच्या नावावरून निघाला. घर वेल्समध्ये असतं तर कदाचित एवढं सहज सुटलं नसतं. तिथे 1 जानेवारी 2015 पासून दुसरीकडे राहणाऱ्या मालकाने भाडेकरूची माहिती कंपनीला कळवायची असते, नाही कळवली तर बिलात मालकही भागीदार. (त्या भाडेकरूंना आता पाकीट गेलं असेल. त्यांचाही दोष नाही. हा विचार मला अजून सुटलेला नाही.)

उरलेली अडीच वर्षं कुलपातली. दादाने सुरुवातीला ‘घर रिकामं आहे’ असं लिहिलं आणि तिथे अडकला. बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत रिकामं म्हणजे सामानसुमानाविना. आत पलंग, सोफा, फ्रिज असेल तर माणूस नसला तरी घर राहण्याजोगं धरतात आणि आकार चालू राहतो. बघा, हाही निर्देशकच. वापर मोजता येत नाही तर सोफा मोजा! त्यामुळे ‘रिकामं’ हा शब्द सोडून मीटरवर यायला लागलं. भाडेकरू गेले त्या दिवशी एजंटने काढलेला मीटरचा फोटो मेलमध्ये सापडला. आताचं रीडिंग किल्ली ठेवणाऱ्या शेजारणीने पाठवलं. अडीच वर्षांत फरक होता एक घनमीटर. एजंटने अधूनमधून नळ सोडून बघितले असतील तेवढाच. आत हजार लिटर आलं तर बाहेर त्याहून जास्त जाणार नाही. कंपनीने अंदाज काढून टाकला आणि रीडिंग लावलं.

दादाला वाटलं, आता शून्य होणार. झालं नाही. सुमारे 190 पौंड उरले: स्थिर आकार आणि पावसाच्या पाण्याचा निचरा. त्याचा पारा पुन्हा चढला. ‘पाऊस काय मी पाडतो?’

इथे मात्र मी कंपनीच्या बाजूने होते. हिशोब करून बघा. घराचं छत वरून बघताना 50 चौरस मीटर धरा. इंग्लंडच्या कोरड्या भागात वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 50 गुणिले 0.6, म्हणजे 30 घनमीटर. तीस हजार लिटर पाणी पन्हळीतून नळीत आणि नळीतून सार्वजनिक गटारात. तिथला एक माणूस दिवसाला साधारण 140 लिटर पाणी वापरतो, म्हणजे वर्षाला सुमारे 51 घनमीटर. कुलूप लावलेलं घर अर्ध्याहून जास्त माणसाइतकं पाणी गटारात सोडतंय, आणि सोफ्यावर कुणी बसलेलं नाही. शिवाय ते पाणी रोज थोडं थोडं येत नाही. जोराच्या सरीत सगळ्या छतांचं एकदम येतं, आणि मैला आणि पाऊस एकत्र वाहणाऱ्या जुन्या वाहिन्या त्यानेच तुंबून नदीत उलटतात. लंडनने टेम्सखाली 25 किलोमीटरचा बोगदा खणला तो याच उलटणाऱ्या पाण्यासाठी. वाहिनीचा खर्च तिच्या मोठ्या दिवसावर ठरतो, सरासरी दिवसावर नाही. त्यामुळे घर बंद असलं तरी वाहिनीत त्याची जागा राखलेली असते.

अर्थात दादाचं छत कुणी मोजलेलं नाही. काही कंपन्या घर सुटं, जोडघर की रांगेतलं यावरून हा आकार ठरवतात. पण पावसाचं पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात मुरत असेल तर हा भाग माफ होतो, अर्ज करावा लागतो. दादाची आशा शेवटी तिथे येऊन टेकली. मागच्या अंगणात खड्डा असल्यासारखं त्याला आठवत होतं.

मी म्हटलं, आठवण नको, कागद बघू. तिथे घर घेताना वकील पाणी आणि निचऱ्याचा शोध-अहवाल मागवतात. मैला आणि पावसाचं पाणी सार्वजनिक वाहिनीला जोडलंय का, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं असतं. दादाची फाइल आत्याच्या माळ्यावर होती, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यात. दोन्ही रकान्यांत ‘होय’.

त्याने 190 पौंड भरले. अंगणातला खड्डा म्हणजे आधीच्या मालकाचं माशांचं टाकं होतं, हे शेजारणीने नंतर सांगितलं.

मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. मुंबईतल्या त्याच्या बंद फ्लॅटला सोसायटीने पाण्याचे पैसे लावलेत. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून वाटतात, वापर बघून नाही. त्याने विचारलं, ‘नळ किती मोजतात गं?’ मी सांगितलं, आधी उपविधींची प्रत माग.