वादळाची वाट कागदावर काढा



मे महिना सरत आला की महापे गावातली आठ-दहा मुले संध्याकाळी माझ्या ओट्यावर जमतात. हातात शाळेचा नकाशा, आलेखाचा कागद, शिसपेन्सिल आणि फूटपट्टी. आम्ही वादळांच्या वाटा काढतो. तुम्ही म्हणाल, महापे गावात आता शेती उरली आहे कुठे? भाताच्या खाचरांवर कारखाने उभे राहिले, नवी मुंबईने गाव पोटात घेतले. खरे आहे. पण यातल्या बऱ्याच मुलांचे आजोळ अलिबाग, मुरूड, रोह्याकडे आहे. तिथे अजून भात पिकतो, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. शिवाय या उद्योगामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

मुंबई ऐकली, हरिहरेश्वर ऐकले नाही

२ जून २०२० चा दिवस. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अरबी समुद्रात होते. श्रीवर्धन तालुक्यातून माझ्या मामेभावाचा फोन आला, “दादा, वादळ येतंय म्हणतात. वाडीत काही करायला हवं का?” त्या दिवशी जो तो मुंबईचेच नाव घेत होता. मीही सांगून मोकळा झालो, “अरे, ते मुंबईवर चाललंय. तुला पाऊस लागेल, बाकी काही नाही.”

हवामान खात्याच्या पत्रकात मात्र स्पष्ट म्हटले होते की, वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर म्हणजे श्रीवर्धन तालुकाच! शेतकऱ्यांना सल्ला देण्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्या माणसाने ते पत्रक नीट वाचले नाही.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. भावाच्या वाडीत पोफळी काडीसारख्या मोडल्या. माणसे व गुरे वाचली, पण छपराची कौले उडाली आणि पेरणीसाठी ठेवलेले भाताचे बियाणे भिजून गेले. पोफळ लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षे लागतात. ती झाडे मी सांगूनही वाचली नसती. पण बियाणे वाचले असते, तयार नारळ उतरवता आले असते. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागले.

बिंदू कसे मांडायचे?

चक्रीवादळ तयार झाले की भारतीय हवामानशास्त्र विभाग दर तीन तासांनी पत्रक काढतो. त्यात वादळाच्या केंद्राचे अक्षांश, रेखांश आणि वाऱ्याचा वेग दिलेला असतो. आलेखाच्या कागदावर आडव्या रेघा अक्षांशाच्या, उभ्या रेखांशाच्या. किनारा नकाशावरून उतरवून घ्यायचा, आपले गाव मांडायचे आणि मग एकेक बिंदू देत जायचे. प्रत्येक बिंदूशेजारी तारीख व वेळ लिहावी.

एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एवढे कळले की सातवीतली मुलेसुद्धा वादळाचा वेग काढतात. २ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ गोव्याच्या पश्चिमेला भर समुद्रात होते. तिथून मुरूडचा किनारा सुमारे साडेतीनशे किलोमीटर. हे अंतर त्याने साधारण २५ तासांत कापले, म्हणजे ताशी १४ किलोमीटर. सायकलच्या वेगाने आले हो ते! वारा भयंकर, पण चाल सावकाश. एक पुरा दिवस आपल्या हाती होता.

उजवी बाजू जपा

आपल्या बाजूच्या समुद्रात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेने चालले तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला फिरत्या वाऱ्यात वादळाची चालही मिळते, म्हणून तिथे जोर अधिक. ‘निसर्ग’ ईशान्येकडे वळले तेव्हा श्रीवर्धन उजवीकडे आले, मुंबई आणि आमचे महापे डावीकडे. मुलांनी ही रेघ प्रथम ओढली तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसलो.

आणखी एक जुना, सोपा नियम सांगतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात, की वादळाचे केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असते. वीज गेली, फोन बंद पडला तरी एवढे कळू शकते. मात्र वारा एकाएकी पडला तर वादळ सरले असे समजून बाहेर पडू नका. केंद्र डोक्यावर असू शकते. ते सरकले की वारा उलट दिशेने झोडपतो.

रेघ म्हणजे दोरी नव्हे

जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ आले तेव्हा मुलांना सुट्टी होती. त्यांनी ६ तारखेपासून रोज बिंदू मांडले. वादळ कधी रेंगाळे, कधी वळे. शेवटी १५ जूनला ते गुजरातेत जखाऊ बंदराजवळ किनाऱ्याला लागले. पुढच्या वाटेचा अंदाज म्हणजे ताणलेली दोरी नव्हे, तो सुपासारखा पसरत जातो, हे मुलांना त्या दिवसांत पुरते उमगले. आपले गाव सुपाच्या कडेला असले तरी तयारी करायचीच.

तुम्ही काय कराल?

अरबी समुद्रात वादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उठतात. त्याआधी घरात असा एक कागद आखून ठेवा. बिंदू मांडायचे काम मुलांकडे द्या. रेघ तुमच्याकडे वळू लागली की बियाणे प्लास्टिकमध्ये बांधून उंचावर ठेवा, तयार नारळ उतरवा, केळीला टेकू द्या, पत्रे व कौले आवळून घ्या. गुरे झाडाखाली वा कच्च्या गोठ्यात बांधून ठेवू नका. सरकारी माणसाने घर सोडायला सांगितले तर वाद न घालता सोडा.

आणि कुणी फोन करून विचारले, तर माझ्यासारखे ऐकीव उत्तर देऊ नका. आधी कागद पाहा, मग बोला. भावाने वाडीत पुन्हा पोफळीची रोपे लावली आहेत. हल्ली समुद्रात काही हलले की तो मला विचारीत नाही, ओट्यावरच्या मुलांना विचारतो.