विहीर हरवली, विहिरीत सापडली

बँकेत लागलो तेव्हा पहिला धडा मिळाला तो लेजरच्या अनुक्रमणिकेचा. खातेदार काउंटरवर उभा असताना त्याचं पान क्षणात सापडायला हवं. निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरी जुन्या वह्यांतली टिपणं कॉम्प्युटरवर उतरवली, तेव्हा मात्र ती शिस्त विसरलो. ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरमधून शेकडो फायली एका दमात धुंडाळता येतात, मग अनुक्रमणिका हवी कशाला? हे काम करणारा ‘ग्रेप’ हा प्रोग्राम केन थॉम्प्सन यांनी 1973 साली लिहिला. त्याचं नावही ‘एड’ या जुन्या एडिटरमधल्या एका आज्ञेवरून पडलेलं.

गेल्या महिन्यात बोरिवलीहून ताईचा फोन आला. हल्ली तिला विसरायला होतं.

“अरे, बहात्तरच्या दुष्काळातली आईची विहिरीची गोष्ट तू लिहून घेतली होतीस ना? मला मधलं आठवतच नाही. नातीला काय सांगू?”

मी ‘विहीर’ टाइप केलं. काही नाही. पुन्हा केलं. नाहीच. आईला जाऊन वीस वर्षं झाली. आता विचारायचं कोणाला?

रात्री डोक्यात उजेड पडला. शब्द ‘विहीर’, पण प्रत्यय लागला की ‘विहिरीत’, ‘विहिरीला’. दीर्घाचा ऱ्हस्व होतो. आपल्याला शब्द एकच. यंत्र मात्र अक्षराला अक्षर जुळवतं. मग नुसतं ‘विह’ टाइप केलं. आधी विहार तलाव आला आणि त्याखाली ती ओळ : ‘आई विहिरीत उतरून वाटीवाटीने कळशी भरायची. वर आली की पहिला तांब्या शेजारच्या आजींना.’

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम 1948 साली सुरू झालं. त्यासाठी सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढून शब्दवार लावल्या गेल्या. पुढे शोधणारा कोणत्या शब्दाखाली शोधेल, याचा विचार तिथे माणसांनी आधीच करून ठेवला. यंत्र शोधतं, पण काय म्हणून शोधायचं, हे आपणच सांगून ठेवावं लागतं.

आता प्रत्येक फायलीच्या माथ्यावर मी एक ओळ लिहितो : ‘सूची : आई, विहीर, दुष्काळ, 1972.’ वाचकहो, तुम्हीही लिहीत चला.

ताईला फोनवर ते वाचून दाखवलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “त्या आजींचं नाव आठवलं बघ. लिहून घे.”